तुझ्या मुलाला सांग

भांडण झालं ते अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, आणि चांगुणानं ते मोरीत बसून ऐकलं.

अंबरनाथच्या त्या चाळीत मोरी आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये नुसता एक पत्रा. पत्र्याचं काय, तो लाज झाकतो, आवाज झाकत नाही. बाहेर नवरा आणि मुलगा बोलायला लागले तसा चांगुणानं नळ बारीक केला. आवाज चढले तसा बंदच केला. अर्धी घासलेली कढई मांडीवर तशीच राहिली.

"पोस्ट कसली म्हणालास?" भीमराव विचारत होता.

"अँब्युलन्स असिस्टंट. मिलिट्रीच्या मेडिकलमध्ये."

"म्हणजे गाडी चालवणार."

"नाही आबा. गाडी चालवणारा वेगळा. मी स्ट्रेचरवर. लढाईत पडलेल्यांना उचलून आणायचं."

"पडलेल्यांना. आणि मेलेल्यांना?"

खोटं महेंद्रला लहानपणापासून जमत नव्हतं, शाळेत मार खायचा त्यापायी. म्हणाला, "त्यांनापण."

मग भीमराव जे बोलला ते चांगुणाला पुढं कितीतरी वर्षं शब्दाशब्दानं आठवायचं. "माझ्या बापानं छप्पन्न साली गावाला सांगितलं, आजपासून तुमचं मेलेलं ढोर उचलणार नाय. गावानं दोन वर्षं काम दिलं नाय. दुकानदारानं मीठ दिलं नाय. आम्ही टाकळ्याचा पाला उकडून खाल्ला, पण उचललं नाय. आणि त्याच माणसाचा नातू आता सरकारी शिक्का मारून मुडदे उचलायला चालला!"

"माणसं आहेत ती, आबा."

"दुसऱ्याचं मेलेलं आपल्याच खांद्यावर का, ते सांग मला. बंदूक घे. बंदूक घेतलीस तर अख्ख्या चाळीला पेढे वाटतो."

"बंदूकवाले खूप आहेत."

"मग ऐक. हे काम धरलंस तर तुझं-माझं बोलणं बंद. सोडशील त्या दिवशी बोलू."

भीमराव डोळस शब्दाचा पक्का माणूस होता. ऑर्डनन्सच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर, एक दिवस उशीर नाही, एक खाडा नाही. जयंतीची वर्गणी त्याच्या हाती दिली की चाळ निर्धास्त झोपायची. चांगुणाला मात्र कधीकधी वाटायचं, थोडा कच्चा असता तर संसाराला बरं पडलं असतं.

आणि गंमत बघा, बाप दिवसभर गोळ्यांची टरफलं करायच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचा, आणि मुलानं गोळी लागलेल्याला उचलायचं म्हटलं तर त्याला राग! हे तिनं एकदा बोलून दाखवलं. त्या दिवशी भीमराव जेवला नाही. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

खरं म्हणजे महेंद्रला हा नाद लागला उल्हासनगरात. बारावी झाल्यावर तो चार नंबरच्या कॅम्पात एका सिंधी डॉक्टरांच्या नर्सिंग होममध्ये वॉर्डबॉय म्हणून लागला होता. पँटच्या कारखान्यात जागा मिळेपर्यंत, असं घरात ठरलेलं. तिथं एक म्हातारे शेठ होते, खुब्याचं हाड मोडलेलं. दुसरं कुणी हात लावला की ते आरडाओरडा करून अख्खा मजला डोक्यावर घ्यायचे. महेंद्रनं उचललं की गप्प. "पुट, तू उठाता है तो दर्द को पता नहीं चलता," म्हणायचे. पुट म्हणजे सिंधीत पोरा. घरी जायच्या दिवशी त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि शंभराची नोट देऊ केली. यानं नोट परत केली आणि हात तेवढा घरी घेऊन आला. आईला सांगत बसला, "आई, उचलायची पण विद्या असते गं. सगळ्यांना येत नाही." चांगुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही तेव्हा. तिनं विचारलं, "जेवलास का?"

तर असा तो लखनऊला ट्रेनिंगला गेला आणि फील्ड अँब्युलन्स नावाच्या पलटणीत लागला. चाळीतल्या बायकांना वाटायचं, फील्ड अँब्युलन्स म्हणजे एखादी मोठी गाडी असणार. चांगुणा सांगून सांगून थकली, की बायांनो, ती तीन-चारशे माणसांची पलटण असते, तंबूतला दवाखानाच. शेजारची इंदुबाई म्हणायची, "असेल बाई. पण गाडी मोठीच असेल."

वर्षातून एकदा महेंद्र रजेवर यायचा, तेव्हा घरात एक नाटकच सुरू व्हायचं. दहा बाय बाराची खोली. बाप आणि मुलगा दोन हातांच्या अंतरावर बसलेले, आणि एकमेकांशी बोलायचं नाही. मग बोलायचं कुणाशी? मध्ये चांगुणा होतीच.

"चांगुणे, तुझ्या मुलाला सांग, बातम्या लागल्यात, आवाज वाढव."

"आई, आबांना सांग, त्यांचा चष्मा खिडकीत आहे."

"तुझ्या मुलाला म्हणावं, मला दिसतोय."

चष्म्याशिवाय त्याला काही दिसत नव्हतं. चांगुणा मधल्या मध्ये बसून दोघांचे निरोप इकडचे तिकडे करायची. शब्द तिथंच बसलेल्या माणसानं ऐकलेलेच असायचे, तरी तिनं ते पुन्हा बोलल्याशिवाय समोरच्यानं उत्तर द्यायचं नाही, असा कायदा. एकदा ती चिडली आणि म्हणाली, "मी आज मौनात आहे." तर त्या दिवशी घरात मिठाची बरणीसुद्धा कुणी कुणाला दिली नाही, आणि दोघंही अळणी जेवले. रात्री तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. सरळ एक शब्द, बापाचा मुलाला, एवढंच तिला हवं होतं. फार मोठं मागणं नव्हतं. पण ज्याच्याकडे मागायचं तो भीमराव होता.

दोन हजार एकच्या नोव्हेंबरात तो पंधरा दिवस आला. तिघं मिळून गावी गेले, भातकापणीला. त्यांचं गाव बारवी धरणाच्या वरच्या अंगाला. वाटणीला आलेलं आठ-दहा गुंठ्यांचं खाचर, त्यात भात किती होणार, पण हात लावायला जायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी वरच्या बांधाकडून ओरडा आला. रघु झाडावरून पडला होता. हा रघु गावातल्या जुन्या खात्यापित्या घरातला, भीमरावाच्याच वयाचा. फांद्या तोडायला चढला आणि फांदीसकट खाली आला. मांडीचं हाड मोडलेलं, पाय भलतीकडे वळलेला. बाजूला रघूची म्हातारी आई बनूबाई छाती बडवून घेत होती. मोबाइल कुणाकडे नाही, गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येणार, आणि रस्ता बांधाबांधानं अर्ध्या तासावर.

महेंद्र विळा टाकून धावला. चांगुणानं आपल्या मुलाला कामावर असलेला असा पहिल्यांदाच बघितला. आवाज बदलला त्याचा. एरवी पुटपुटणारा पोरगा, तो धडाधड सांगायला लागला. दोन लांब बांबू आणा. भाताची दोन रिकामी पोती आणा. पोत्यांच्या तळाचे कोपरे विळ्यानं कापले, त्यातून बांबू सरकवले, झाली झोळी. चांगुणाच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि रघूचा मोडका पाय धडक्या पायाला बांधून टाकला. रघु शिव्या देत होता. महेंद्र म्हणाला, "द्या काका, शिव्या द्या. श्वास चालू राहतो."

उचलायला चार माणसं पाहिजेत. रघूचे दोन पुतणे आले, महेंद्र तिसरा. चौथा कोण? शेतात म्हाताऱ्या आणि बायाच. सगळ्यांच्या नजरा भीमरावाकडे गेल्या. तो बांधावर उभा होता, हातात पेंढीचा बंध तसाच. हे घर कुठलं, ते चांगुणाला ठाऊक होतं. याच घरचा बैल मेला की भीमरावाच्या बापाला हाक यायची.

भीमरावानं बंध खाली टाकला. म्हणाला, "चांगुणे, तुझ्या मुलाला विचार, कुठला कोपरा धरू."

"आई, आबांना सांग, डावा. मागचा."

रघु विव्हळत मध्ये पडलेला, आणि त्याच्या अंगावरून हे निरोप चाललेले. इतक्या धांदलीतही एका पुतण्याला हसू फुटलं.

मग महेंद्रनं सगळ्यांना एक गोष्ट सांगितली. "पाय मिळवायचे नाहीत. पलटणीत सगळे पाय मिळवून चालतात, लेफ्ट-राइट. स्ट्रेचरवाल्यांनी तसं चालायचं नाही. सगळ्यांचा पाय एकदम पडला की झोळी हेलकावते आणि हाडाला हिसका बसतो. पुढचा डावा टाकेल तेव्हा मागच्यानं उजवा टाकायचा." भीमराव मान खाली घालून ऐकत होता. तीस वर्षं ज्यानं कारखान्यात पोरांना काम शिकवलं, त्याला चांगलं कळतं, शिकवणाऱ्याला काम येतंय की नाही. अर्धा तास तो बांधावरून चालला. मुलाच्या पायाकडे बघून आपला पाय टाकत होता. एकदाही चुकला नाही.

रस्त्यावर हात दाखवून थांबवलेला टेम्पो रघूला घेऊन गेल्यावर बनूबाईनं घरात बोलावलं. स्वतःच्या हातानं घरातला तांब्या भरून आणला, फुलपात्रं दिली. महेंद्र घटाघटा प्यायला. भीमरावानं फुलपात्राला हात लावला नाही. म्हणाला, "तहान नाय." घामानं त्याची बंडी अंगाला चिकटली होती.

परत येताना बांधावर त्याचं तोंड उघडलं. "चांगुणे, तुझ्या मुलाला सांग, याच अंगणात माझ्या बापाला वरून ओंजळीत पाणी ओतलं होतं. बैल ओढून झाल्यावर. मी लहान होतो, बाजूला उभा होतो."

महेंद्र मग म्हणाला, "आई, आबांना सांग, आजोबांना हाक यायची. नाही म्हणायची सोय नव्हती. आज मला कुणी हाक मारली नाही. मी माझा गेलो."

चांगुणानं हा निरोप पोचवला नाही. पोचवायची गरजच नव्हती. त्या रात्री भीमरावानं पहिल्यांदा मुलाच्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. वाढताना बघत होता भिंतीकडे.

महेंद्र परत गेला आणि महिन्याच्या आत दिल्लीत संसदेवर हल्ला झाला. टीव्हीवर रोज रणगाडे सरहद्दीकडे निघालेले. त्याचं पत्र आलं, त्यात गावाचं नाव नाही, नुसता नंबर. राजस्थानात कुठंतरी, वाळूत. रजा बंद. सगळे म्हणत होते आता लढाई होणार, उद्या होणार, परवा होणार. मैलच्या मैल जमिनीत सुरुंग पेरले होते म्हणे. शेतकरी भात पेरतो तसे सुरुंग! चांगुणाला ते ऐकवेना.

डोळसांच्या घरी फोन नव्हता. इंदुबाईच्या घरी होता, आणि अर्ध्या चाळीचा पत्ता तोच. दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी नवाच्या सुमाराला महेंद्रचा फोन यायचा. इंदुबाई फोन देऊन बाजूला व्हायची, म्हणजे दीड हातावर बसून तांदूळ निवडायची. अख्ख्या जगात एवढे खडे कुठल्या तांदळात नसतील.

आता भीमरावाचं ऐका. जानेवारीत फोन आला तेव्हा तो चाळीच्या नळावर दात घासत उभा होता. मार्चमध्ये इंदुबाईच्या दारासमोर सायकल पुसत होता. सायकल बिचारी आधीच लख्ख. मे महिन्यात पायरीवर येऊन बसला, म्हणे घरात उकडतं. आणि पावसाळ्यात एकदा उंबऱ्याच्या आत आला, म्हणे बाहेर भिजायला होतं. चांगुणा सगळं बघत होती आणि अवाक्षर बोलत नव्हती. चुलीवर दूध असलं की हलवायचं नाही, बघत राहायचं, तसं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ती फोनवर होती. भीमराव उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून. एकाएकी तो मोठ्यानं म्हणाला, "चांगुणे, त्याला विचार, पाणी मिळतं का पुरेसं."

*तुझ्या मुलाला* नाही. *त्याला.* आणि आवाज असा, की फोनचीही गरज नव्हती, राजस्थानात तसाच पोचला असता.

फोनमध्ये पलीकडे काहीच ऐकू येईना. चांगुणाला वाटलं लाइन गेली. मग महेंद्र म्हणाला, "आई, आबा आहेत तिथं?"

"आहेत. इथंच आहेत."

"त्यांना सांग, पाणी मिळतं. टँकर येतो. आणि सांग, पुढच्या वेळी मी त्यांच्याशीच बोलणार. तुझ्याशी नाही."

तिनं सांगितलं. भीमराव भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बघू." इंदुबाईच्या सुपातले तांदूळ सगळे एका बाजूला कलंडले होते, तिला भान नव्हतं.

पुढच्या फोनचा रविवार आठ सप्टेंबरचा. भीमरावानं सकाळी दाढी केली. पांढरा सदरा घातला, जयंतीला घालतो तो. साडेआठला जाऊन इंदुबाईच्या घरी फोनशेजारच्या खुर्चीवर बसला. "बोलायला काय पाहिजे, ते ठरवलंय का?" चांगुणानं हळूच विचारलं. "ठरवायचंय काय त्यात. माझा मुलगा आहे," तो म्हणाला. नऊ झाले, दहा झाले. इंदुबाईनं दोनदा चहा केला. अकराला चांगुणा म्हणाली, चला, लाइन मिळाली नसेल. तो म्हणाला, "तू हो पुढं." एक वाजेपर्यंत बसला होता.

सोमवारी दुपारी मिलिट्रीची जीप चाळीसमोर थांबली. शनिवारी सुरुंग फुटून शिपाई महेंद्र भीमराव डोळस गेला होता. वय तेवीस.

पेटी बुधवारी आली. उघडायची नाही, असं साहेब म्हणाले. चांगुणानं विचारलं नाही का ते. अख्खं अंबरनाथ लोटलं. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी मागून म्हटलं. गर्दीत कुणीतरी शहाणा म्हणाला, लढाई तर झालीच नाही, मग शहीद कसला? इंदुबाई तिथंच होती. म्हणाली, "तुझ्या घरात घडलं असतं म्हणजे तुला कळलं असतं झाली का नाही ते. चल, हो बाजूला."

शेवटच्या वळणावर चाळीतल्या पोरांनी खांदा मागितला. सैनिकांनी दिला. पोरं भावनेच्या भरात, आणि मागं बिगुल, त्यामुळे सगळ्यांचे पाय आपोआप एकदम पडायला लागले. पेटी हलायला लागली. भीमराव बाजूनं चालत होता. तो एकदम ओरडला, "पाय मिळवू नका रे! पाय मिळवू नका. हिसका बसतो."

पोरांना कळेना म्हातारा काय म्हणतोय. चांगुणाला कळलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

महिन्याभरानं बातमी आली की फौजा सरहद्दीवरून मागं घेणार. भीमराव पेपर वाचून घडी घालायचा, पुन्हा उघडायचा. रिटायर व्हायला एक वर्ष होतं, कामावर जात होता, खाडा नाही. घरात आता तो सरळ चांगुणाशी बोलायचा, पण बोलायचंच काय. आणि एक गोष्ट त्याला आतून खात होती, हे तिला दिसत होतं. त्याला पलटणीकडून आलेल्या कागदातलं काही नको होतं. कागदात लिहिलं होतं, कर्तव्य बजावताना. कसलं कर्तव्य? कुणाला आणायला गेला होता? हे त्याला हवं होतं, आणि विचारायला तो भीत होता.

नोव्हेंबरात सोमा आला. हा सोमा बारवीकडच्याच एका पाड्यावरचा, महेंद्रच्या पलटणीत गाडीवर ड्रायव्हर. दोघं एका तालुक्याचे म्हणून तिकडे सख्ख्या भावासारखे. भीमराव कामावर होता. सोमा चुलीपाशी पाटावर बसला आणि चांगुणाला सगळं सांगून मोकळा झाला. मोठ्यानं रडला. चांगुणानं त्याच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाली, "सोमा, ते आता येतील. ते विचारतील, जिवंत माणसाला आणायला गेला होता का मेलेल्याला. तू जिवंत सांग, बाबा."

"काकू, खोटं सांगू?"

"एवढं एक."

भीमराव आला. हातपाय धुतले. सोमानं 'जयभीम काका' केलं. चहा झाला. पावसाचं झालं, पाड्याचं झालं, भाताचं झालं. कप खाली ठेवून भीमरावानं विचारलंच. "कुणाला आणायला गेला होता तो? जिवंत होता का माणूस?"

सोमानं चांगुणाकडे बघितलं.

"तिच्याकडे काय बघतोस?" भीमराव म्हणाला. "मधी कुणी नको. माझ्याशी बोल."

चांगुणानं खाली बघितलं. चार वर्षं ती दोघांच्या मध्ये बसली होती. आता मध्ये बसून काय राखायचं होतं? तिनं मान हलवली. सांग.

"मेलेला होता, काका," सोमा म्हणाला.

भीमरावाचा हात गुडघ्यावर होता, तो तसाच राहिला.

"कुणाचा पोरगा?"

"बिहारकडचा. कुंपणाची तार दुरुस्त करायच्या पार्टीतला."

"त्याला घरी पोचवला का?"

"पोचवला. संध्याकाळी महेंद्रला आणि त्याला, दोघांना पण आत जाऊन उचलून आणलं. एकाच गाडीतून नेलं. मीच नेलं."

भीमराव पुढं सरकून बसला, मांडी घातली. म्हणाला, "सकाळपासून सांग. काही सोडू नको."

सोमानं सांगितलं.

सकाळी सहाला महेंद्र उठला. नेहमीसारखे त्यानं स्ट्रेचरचे पट्टे तपासले, एकेक ओढून बघितला. आदल्या दिवशीचं कापड फिनेलच्या पाण्यानं पुसून उन्हात टाकलं होतं, ते आणून चढवलं. बाकीचे त्याला हसायचे, की कालच तर तपासलं. तो म्हणायचा, काल कालचं होतं.

दहाच्या सुमाराला स्फोट ऐकू आला. तार दुरुस्त करणारे तिघं पडले होते. इंजिनियरवाल्यांनी सुरुंग काढत काढत आत जायला वाट केली, दोन्ही बाजूंनी पांढरी फीत लावली. महेंद्र आणि त्याचा जोडीदार त्या वाटेनं दोनदा आत गेले, दोन जखमी घेऊन आले. दोघंही वाचले. त्यातला एक अजून पत्र टाकतो.

तिसरा जागच्या जागी गेला होता. तो फितीपासून लांब पडलेला. तिथपर्यंत वाट करायला दुपार झाली. ऊन असं, की गाडीच्या पत्र्याला हात लागत नव्हता. जेवणं आली. साहेब म्हणाले, आता घाई नाही, दुसरी जोडी येईल चारला, ती आणेल. महेंद्रची पाळी संपली होती. त्याला कुणी जा म्हटलं नाही.

तो म्हणाला, सर, चारपर्यंत उन्हात कशाला ठेवायचं. आम्हीच आणतो.

वाट नीट बघितलेली होती, दोनदा. कुणाची चूक नव्हती. वाळू सरकते, काका, आणि तिच्याबरोबर खालचं पण सरकतं. ते त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं.

महेंद्रनं डबा अर्धा खाऊन झाकला. पाण्याची बाटली भरली, पंचा ओला करून खांद्यावर टाकला. तोंड पुसायला. जिवंत असो नाहीतर नसो, उचलायच्या आधी तो तोंड पुसायचा आणि आपलं नाव सांगायचा. मग त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. आणलेल्या माणसाच्या मनगटाला एक चिठ्ठी बांधायची असते, नाव, नंबर, वेळ. आत गेल्यावर हात मोकळे नसतात, म्हणून तो वेळ आधीच लिहायचा. पेन्सिलीला टोक नव्हतं. सोमाकडून ब्लेड घेतलं, टोक केलं, ब्लेड परत दिलं. चिठ्ठीवर लिहिलं, दोन वाजून दहा मिनिटं. चिठ्ठी खिशात ठेवली, बटण लावलं. जोडीदाराला म्हणाला, चल. आणि स्ट्रेचरचे पुढचे दांडे धरून निघाला.